नोंदवहीचा मालक

चेन्नईतला नुंगंबाक्कम हा भाग एकेकाळी मोठ्या तलावाच्या काठी होता. तलाव बुजला आणि त्या जागी वस्ती उभी राहिली. ‘लेक एरिया’ हे नाव आणि तलावाच्या जागेवर १९७६ मध्ये उभारलेलं वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक सोडलं, तर आता पाण्याची कुठलीच खूण तिथे उरलेली नाही. आयकर खात्याची कचेरी, लोयोला कॉलेज, हॉटेलं आणि डॉक्टरांचे दवाखाने यांनी भरलेल्या या भागातून कोडंबाक्कम हाय रोड जातो. त्याचं आजचं नाव एमजीआर सालै. याच रस्त्यावर ‘कॉम्प्युटर एज मॅनेजमेंट सर्व्हिसेस’ या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आहे. लोक तिला ‘कॅम्स’ म्हणतात. म्युच्युअल फंडात पैसे गुंतवणाऱ्या बहुतेक मराठी माणसांच्या ईमेलमध्ये हे नाव कधी ना कधी येऊन गेलेलं असतं, पण ते वाचून पुढे जाताना ही कंपनी कुणाची, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कॅम्सकडे आपले पैसे नसतात, पैशांची नोंद असते. पैसे फंडाच्या खात्यात आणि शेअर कस्टोडियनकडे. पण अमुक फोलिओत अमुक माणसाचे इतके युनिट, त्याचं बँक खातं हे, त्याच्यामागे नामनिर्देशित म्हणून नाव हिचं, हे सगळं निबंधकाच्या, म्हणजे कॅम्ससारख्या कंपनीच्या, दप्तरात असतं. जमिनीच्या बाबतीत तलाठ्याकडच्या सातबाऱ्याला जे स्थान आहे, तेच इथे या नोंदीला आहे. भारतातल्या म्युच्युअल फंडांमध्ये लोकांनी ठेवलेल्या एकूण रकमेपैकी साधारण दोन तृतीयांशांहून अधिक रकमेचं हे दप्तर कॅम्सकडे आहे. उरलेल्याचा बहुतेक भाग हैदराबादच्या केफिन टेक्नॉलॉजीजकडे आहे. म्हणजे कोट्यवधी कुटुंबांच्या बचतीची नोंद दोन कंपन्या ठेवतात, आणि २०१८ च्या अखेरीस या दोन्ही कंपन्यांमधली सर्वांत मोठी भागीदार न्यूयॉर्कची प्रायव्हेट इक्विटी कंपनी होती. कॅम्समध्ये वॉरबर्ग पिंकस आणि केफिनमध्ये जनरल अटलांटिक. आपल्याकडे याची फारशी चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती, असं मला वाटतं.

आधी काम काय चालतं ते जवळून पाहू. समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेने दरमहा दोन हजार रुपयांचं एसआयपी लावलं आहे. दहा तारखेला तिच्या बँक खात्यातून दोन हजार रुपये वळते होतात. रक्कम फंडाच्या खात्यात खरोखर जमा झाली की नाही, ते आधी पाहावं लागतं. फेब्रुवारी २०२१ पासूनचा नियम असा, की पैसे ठरलेल्या वेळेच्या आत फंडाच्या हाती पडले तरच त्या दिवसाचा भाव मिळतो. जुलै २०२० पासून प्रत्येक खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापलं जातं, म्हणजे दोन हजारांवर दहा पैसे. राहिले १,९९९ रुपये ९० पैसे. त्या दिवशी युनिटचा भाव ८५.४१२ असेल, तर तिच्या फोलिओत २३.४१५ युनिट चढतात. हिशेब दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत होतो. मग तिला एसएमएस जातो, वितरकाच्या कमिशनचा हिशेब होतो, फंडाच्या पुस्तकात एकूण युनिट तेवढे वाढतात. एप्रिल २०२४ मध्ये देशभरातून एसआयपीने एका महिन्यात आलेली रक्कम पहिल्यांदाच वीस हजार कोटींच्या पुढे गेली. हा हिशेब कोट्यवधी वेळा, न चुकता, ठरावीक तासांत करायचा असतो.

हे झालं सोपं काम. अवघड काम त्या शिक्षिकेच्या मृत्यूनंतर सुरू होतं. तिच्या मुलाने मृत्यूचा दाखला आणला, पण फोलिओत नामनिर्देशनच नाही. किंवा आहे, पण नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं आहे. किंवा वीस वर्षांपूर्वीची सही आणि आताची सही जुळत नाही. वारसाच्या हाती पैसे लवकर पोहोचावेत आणि चुकीच्या माणसाच्या हाती मात्र पोहोचू नयेत, या दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. निबंधकाची खरी परीक्षा इथे होते. कॅम्सची सेवा केंद्रं पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आहेत. तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांच्या हातात असेच कागद असतात.

हा धंदा चेन्नईत का रुजला, यामागे इतिहास आहे. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रासमधली अर्बथनॉट ही इंग्रजी पेढी बुडाली. पेन्शनर, वकील, कारकून, विधवा, सगळ्यांच्या ठेवी तिच्यात होत्या. त्या धक्क्यातून वर्षभराच्या आत, १९०७ मध्ये, व्ही. कृष्णस्वामी अय्यर आणि इतरांच्या पुढाकाराने इंडियन बँक उभी राहिली. मैलापूरमध्ये सभासदांच्या ठेवींवर चालणारे निधी त्याआधीपासून होते. पुढे १९५४ मध्ये सुंदरम फायनान्स आली, मग चोलामंडलम आणि श्रीराम. पैशाचा हिशेब नीट ठेवणं हे या शहरात मानाचं काम आहे आणि ते करणारी शिकलेली माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत. १९९३ मध्ये देशातला खासगी क्षेत्रातला पहिला म्युच्युअल फंड निघाला तो कोठारी पायोनियर, आणि तोही याच शहरातल्या कोठारी समूहाचा. या समूहाचं मुख्य कार्यालय नुंगंबाक्कम हाय रोडवर आहे. मुंबईला पैशाची राजधानी म्हणायची आपल्याला सवय आहे. पण मुंबईत ठरलेल्या व्यवहारांची नोंद गेली तीस वर्षं बरीचशी चेन्नईत होते आहे.

कॅम्सची स्थापना १९८८ ची. व्ही. शंकर यांनी ती संगणक सॉफ्टवेअरचं काम करण्यासाठी काढली. नव्वदच्या दशकात खासगी फंड येऊ लागले, तेव्हा प्रत्येकाला गुंतवणूकदारांचं दप्तर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. स्वतः ही यंत्रणा उभी करणं नव्या फंडाला परवडणारं नव्हतं. एकाच यंत्रणेवर दहा फंडांचं काम केलं तर खर्च वाटला जातो. एकदा दप्तर सोपवलं की ते परत काढून दुसरीकडे नेणं फंडाला नकोसं वाटतं, कारण लाखो फोलिओ, जुन्या सह्या, तारण ठेवलेल्या युनिटांच्या खुणा, सगळं हलवायचं आणि त्या काळात एकही व्यवहार चुकू द्यायचा नाही, यात जोखीम मोठी. म्हणून या धंद्यात दोनच कंपन्या उरल्या.

प्रायव्हेट इक्विटीला नेमकं असंच काही हवं असतं. तिचं काम कसं चालतं, ते थोडक्यात सांगतो. पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी आणि श्रीमंत घराणी यांच्याकडून एक मोठी रक्कम साधारण दहा वर्षांसाठी गोळा केली जाते. पहिल्या चार-पाच वर्षांत त्या पैशांतून कंपन्यांमधले हिस्से विकत घ्यायचे आणि पुढच्या वर्षांत ते विकून पैसे परत करायचे. सांभाळणाऱ्याला वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क मिळतं. ठरलेल्या परताव्याच्या, बहुधा आठ टक्क्यांच्या, वर जो नफा होतो त्यातला पाचवा हिस्सा त्याचा. या व्यवस्थेतला कळीचा शब्द ‘दहा वर्षं’ हा आहे. टाटा किंवा किर्लोस्कर कंपनी विकत घेतात तेव्हा ती पुढच्या पिढीला द्यायची असते. प्रायव्हेट इक्विटी मात्र खरेदी करतानाच ती कुणाला आणि केव्हा विकायची याचा विचार करून ठेवते. पाच वर्षांत रक्कम दुप्पट करायची तर वर्षाला पंधरा टक्के वाढ लागते. शिवाय पैसे डॉलरमध्ये परत करायचे असतात. २०१८ मध्ये डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता, २०२३ च्या अखेरीस त्र्याऐंशीच्या आसपास. म्हणजे नफा-तोटा शून्य राहायलाच रुपयांत सुमारे वीस टक्के वाढ हवी. नफा त्याच्यापुढचा.

वॉरबर्ग पिंकस या धंद्यातलं जुनं नाव. हॅम्बुर्गच्या बँकर घराण्यातले एरिक वॉरबर्ग नाझी राजवटीत जर्मनी सोडून अमेरिकेत आले आणि १९३९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला स्वतःची पेढी सुरू केली. १९६६ मध्ये लायनेल पिंकस तिच्यात आले आणि तिला आजचं रूप मिळालं. भारतात तिचं नाव झालं ते भारती एअरटेलमुळे. १९९९ पासून दोनेक वर्षांत तिने सुमारे २९ कोटी डॉलर भारतीमध्ये घातले आणि २००५ पर्यंत हिस्सा विकून १६० कोटी डॉलरच्या आसपास परत नेले. वित्तक्षेत्रात तर ती सतत राहिली आहे. २०१२ मध्ये मुंबईची फ्यूचर कॅपिटल तिने किशोर बियाणी यांच्या समूहाकडून घेतली, तीच व्ही. वैद्यनाथन यांची कॅपिटल फर्स्ट झाली आणि डिसेंबर २०१८ मध्ये आयडीएफसी बँकेत विलीन झाली.

कॅम्समध्ये वॉरबर्गच्या आधीही भागीदार बदलत गेले होते. अ‍ॅडव्हेंट इंटरनॅशनल या अमेरिकी प्रायव्हेट इक्विटी कंपनीचा मोठा हिस्सा होता. २०१३-१४ मध्ये तिचा ४५ टक्के हिस्सा राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, म्हणजे एनएसईच्या, उपकंपनीने घेतला. एचडीएफसी समूहाचाही हिस्सा होता, आणि एचडीएफसी म्युच्युअल फंड हा कॅम्सचा मोठा ग्राहक. २०१८ मध्ये वॉरबर्ग पिंकसने ‘ग्रेट टेरेन इन्व्हेस्टमेंट’ या मॉरिशसमधल्या कंपनीमार्फत सुमारे ४३ टक्के हिस्सा घेतला. एनएसईकडे ३७ टक्क्यांवर हिस्सा राहिला.

इथे एक अडचण निघाली. शेअर बाजार ही स्वतःच नियमन करणारी संस्था. तिने अशा कंपनीत हिस्सा घेताना सेबीची, म्हणजे बाजाराच्या नियामक संस्थेची, आधी परवानगी घ्यायला हवी होती, ती घेतलेली नव्हती. २०२० च्या सुरुवातीला सेबीने एनएसईला सांगितलं, की कॅम्समधला सगळा हिस्सा वर्षभरात विका. त्यातून सप्टेंबर २०२० चा पब्लिक इश्यू आला. २१ ते २३ सप्टेंबर, करोनाचा जोर असताना, १,२३० रुपये भावाने सुमारे २,२४४ कोटींचे शेअर विकले गेले. यातला एकही रुपया कॅम्सला मिळाला नाही. सगळे शेअर एनएसईचे होते आणि सगळे पैसे तिच्याकडे गेले. मागणी सुमारे ४७ पट आली. १ ऑक्टोबरला मुंबई शेअर बाजारात पहिला भाव १,५१८ रुपये निघाला.

त्या वेळी कंपनीची एकूण किंमत सहा हजार कोटींच्या घरात होती. २०१९-२० चं उत्पन्न सुमारे ७०० कोटी आणि नफा १७० कोटींच्या वर. हे उत्पन्न येतं कुठून, ते बघण्यासारखं आहे. फंड कॅम्सला सांभाळलेल्या रकमेच्या प्रमाणात शुल्क देतो. त्या काळात हे शंभर रुपयांमागे वर्षाला तीन पैशांच्या आसपास पडत होतं. तुमचे एक लाख रुपये फंडात असतील तर वर्षाला तीस रुपये. तुम्हाला त्याचं वेगळं बिल येत नाही. फंडाच्या खर्चात ते धरलेलं असतं आणि युनिटचा भाव निघण्याआधीच कापलं जातं. बाजार वर गेला की रक्कम वाढते आणि एकही जादा माणूस न नेमता कॅम्सचं उत्पन्न वाढतं. मे २०१४ मध्ये देशातल्या फंडांकडची एकूण रक्कम दहा लाख कोटी झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये वीस, नोव्हेंबर २०२० मध्ये तीस आणि डिसेंबर २०२३ मध्ये पन्नास लाख कोटी. कारखाना नको, माल साठवायला गोदाम नको, उधारी बुडण्याची भीती नाही. नफ्याचा मोठा भाग लाभांश म्हणून वाटता येतो. असा धंदा हाती लागला, तर प्रायव्हेट इक्विटीला कंपनीत फार उलथापालथ करावी लागत नाही. वॉरबर्गने तशी ती केलीही नाही. वाढत्या बाजाराबरोबर कंपनी वाढत गेली. पेमेंटची सेवा, पर्यायी गुंतवणूक फंडांचं दप्तर, अकाउंट अ‍ॅग्रिगेटर अशी नवी कामं जोडली गेली. वॉरबर्गने आपला हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उरलेलाही विकून बाहेर पडली. तोवर शेअरचा भाव पब्लिक इश्यूच्या दुपटीच्या पुढे गेला होता.

मालकी बदलली तरी नोंद सुरक्षित राहते का? याचं उत्तर हैदराबादच्या कथेतून जास्त स्पष्ट मिळतं. तिथे निबंधकाचा धंदा कार्वी समूहाचा होता आणि त्याच समूहाची शेअर दलालीची मोठी कंपनी होती. २०१८ मध्ये जनरल अटलांटिकने निबंधक कंपनीतला ८३ टक्क्यांवर हिस्सा घेतला. वर्षभरातच, २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंगविरुद्ध आदेश काढला. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्रांचा वापर करून दलालाने त्यांचे शेअर आपल्या खात्यात वळवले होते आणि बँकांकडे तारण ठेवून कर्ज उचललं होतं. रक्कम दोन हजार कोटींच्या वर होती. आपल्या डीमॅट खात्यातले शेअर गायब झाल्याचं हजारो लोकांना कळलं. डिसेंबर २०१९ मध्ये निबंधक कंपनीने ‘कार्वी’ हे नाव टाकलं आणि ती केफिन टेक्नॉलॉजीज झाली.

आता विचार करा. दलालीचा धंदा पैशांच्या ओढगस्तीत असताना, देशातल्या दोनपैकी एक नोंदवही त्याच प्रवर्तकांच्या पूर्ण ताब्यात असती तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. युनिट वळवणं शेअर वळवण्याइतकं सोपं नसतं. पण लोकांचा विश्वास उडाला असता, आणि एका आठवड्यात लाखो लोकांनी पैसे काढायला गर्दी केली असती तर फंडांनाही ते झेपलं नसतं. केवळ नफ्याच्या हिशेबाने आलेल्या परक्या भांडवलाने इथे निबंधकाला दलालापासून वेळेवर वेगळं केलं. प्रायव्हेट इक्विटीच्या बाजूने सांगण्यासारखी ही सर्वांत भक्कम गोष्ट आहे. तिला बाजूचे दुसरे धंदे वाचवायचे नसतात. तिला कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी कंपनीतून पैसे काढायचे नसतात. पुढच्या खरेदीदारापुढे हिशेब स्वच्छ मांडता आला पाहिजे, म्हणून लेखापरीक्षण चोख ठेवावं लागतं. भारतातल्या घरगुती मालकीच्या वित्तकंपन्यांनी लोकांचे पैसे कसे बुडवले, हे आठवलं की या शिस्तीची किंमत कळते.

दुसऱ्या बाजूची काळजीही तितकीच खरी आहे. निबंधकाचे ग्राहक कोण? फंड. शुल्क ठरवतो तो फंड, कंत्राट करतो तो फंड. साताऱ्याची शिक्षिका निबंधक निवडू शकत नाही आणि बदलूही शकत नाही. फंड मोठे आहेत, ते घासाघीस करतात, म्हणून शंभरामागचे ते पैसे वर्षागणिक थोडे थोडे कमी होत आले आहेत. उत्पन्नाचा दर घटतो आहे आणि मालकाला पाच वर्षांत दुप्पट हवं आहे, अशा वेळी खर्च कुठे वाचवायचा हा प्रश्न येतोच. सगळ्यात सोपी कात्री चालते ती ज्याचा आवाज नाही त्याच्यावर. वारसाचे कागद तपासणारे अनुभवी कर्मचारी, लहान शहरातलं सेवा केंद्र, फोनवर नीट उत्तर देणारा माणूस, या गोष्टींचा खर्च लगेच दिसतो आणि फायदा आकड्यांत दिसत नाही. कॅम्सच्या बाबतीत हे झालं असा माझा आरोप नाही. ज्या मालकाला घड्याळाकडे पाहून काम करावं लागतं, त्याच्यावर असा दाब असतो, एवढंच मी म्हणतो. तो दाब झेलायला नियम लागतात.

काही नियम आहेत, आणि ते बरे आहेत. दोन कोटींहून अधिक फोलिओ सांभाळणाऱ्या निबंधकांना सेबीने २०१८ मध्ये वेगळ्या वर्गात टाकलं आणि त्यांच्यावर जास्त कडक देखरेख सुरू केली. जोखमीचं व्यवस्थापन, संगणक यंत्रणेचं संरक्षण, संकटात काम चालू ठेवण्याची तयारी, हे सगळं त्यात आलं. २०२१ मध्ये सेबीच्या सांगण्यावरून कॅम्स आणि केफिन यांनी मिळून ‘एमएफ सेंट्रल’ ही सामायिक सेवा सुरू केली. दोन स्पर्धकांना एकाच खिडकीमागे बसवणं कुठल्याही खासगी मालकाने आपणहून केलं नसतं. गुंतवणूकदाराला त्यामुळे आपले सगळे फोलिओ एका ठिकाणी पाहता येतात, पत्ता किंवा बँक खातं एकदाच बदलता येतं. मराठी कुटुंबांत दोन-तीन पिढ्यांची गुंतवणूक वेगवेगळ्या फंडांत विखुरलेली असते, त्यांनी ही सोय वापरावी.

संकटातल्या तयारीचं महत्त्व समजायला नुंगंबाक्कमपेक्षा योग्य जागा नाही. इथेच, कॉलेज रोडवर, हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. त्या आवारात १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास वेधशाळा उभारली. जुन्या वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब अजून तिथे आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या पर्जन्यमापकात १,०४९ मिलिमीटर पाऊस पडला. एका महिन्यात इतका पाऊस जवळपास शंभर वर्षांत, १९१८ नंतर, नोंदला गेला नव्हता. लगेच पुढच्या १ डिसेंबरला आणखी मुसळधार पाऊस झाला, चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडावं लागलं आणि अड्यार नदीकाठची वस्ती बुडाली. विमानतळ बंद पडला, वीज आणि फोन गेले. देशाच्या बचतीच्या नोंदीचा एवढा मोठा भाग ज्या शहरात एकवटला आहे, ते शहर दर काही वर्षांनी पाण्याखाली जातं. मालक चेन्नईचा असो, मुंबईचा असो की न्यूयॉर्कचा, या प्रश्नातून कुणाचीच सुटका नाही.

आज कॅम्सला प्रवर्तक नाही. शेअर म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूक संस्था आणि सामान्य लोक यांच्यात विखुरलेले आहेत. केफिननेही डिसेंबर २०२२ मध्ये पब्लिक इश्यू आणला आणि तिथेही विकणारी जनरल अटलांटिकच होती. म्हणजे दोन्ही नोंदवह्या हळूहळू प्रायव्हेट इक्विटीकडून शेअर बाजाराकडे आल्या. हे चांगलं झालं, असं माझं मत आहे. तिमाही निकाल जाहीर होतात, काय चाललंय ते कुणालाही वाचता येतं, संचालक मंडळाला प्रश्न विचारता येतात. पण विखुरलेल्या मालकीत एक नवी पोकळी असते. दहा टक्के हिस्सा घेऊन दोन वर्षांत निघून जाणारे गुंतवणूकदार उद्या दुप्पट लाभांश मागू शकतात, आणि त्यांना अडवायला प्रवर्तकही नसतो. ताबा बदलायचा असेल तर सेबीची पूर्वपरवानगी लागते, हे संरक्षण आहे. मला आणखी दोन गोष्टी हव्याशा वाटतात. पहिली, एका निबंधकाचं काम अचानक थांबलं तर दुसऱ्याने किती दिवसांत त्याचं दप्तर चालू करायचं, याची खरीखुरी चाचणी दरवर्षी व्हावी आणि तिचा निकाल जाहीर व्हावा. दुसरी, मृत गुंतवणूकदाराच्या वारसाला युनिट मिळायला सरासरी किती दिवस लागले, किती अर्ज परत पाठवले गेले आणि कोणत्या कारणाने, याची आकडेवारी प्रत्येक निबंधकाने तिमाही निकालांबरोबरच छापावी. नफा किती झाला हे भागधारकांना कळतं, तसं आपलं काम किती दिवसांत होतं हे शुल्क देणाऱ्या गुंतवणूकदारालाही कळलं पाहिजे. हे शुल्क शंभरामागे काही पैशांचं असलं, तरी ते तोच देतो.